यार्ड भरपूर, पण बॉलही तितकेच घालवतो: असा क्वार्टरबॅक बेंचवर बसवायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की तुमचा मुलगा अमेरिकेत ज्या कॉलेजात शिकतो तिथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा, खेळ चालवणारा मुख्य खेळाडू) मॅचला सहज २८०-३०० यार्ड फेकतो, टचडाऊन (बॉल समोरच्याच्या गोललाइनपलीकडे नेणं) पण देतो, सहापैकी चार मॅच जिंकल्यात, पण दर मॅचला निदान दोन बॉल समोरच्या टीमच्या हातात नेऊन देतो, आणि बेंचवर एक फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा पोरगा) बसलाय ज्याचं नाव स्टेडियममध्ये आत्तापासून ओरडलं जातंय. तर पहिल्याला बेंचवर बसवावं का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. आत्ता लगेच नाही. आणि मुळात हा निर्णय पहिल्या पोराकडे बघून होतच नाही, दुसऱ्याकडे बघून होतो. मी मूळचा नागपूरचा, हा खेळ इकडे आल्यावरच शिकलो, आधी हायस्कूलला आणि आता एका छोट्या डिव्हिजन ३ (सगळ्यात खालच्या गटातल्या) कॉलेजात क्वार्टरबॅक पोरांबरोबर काम करतो, म्हणजे टीव्हीवर दिसतात तसल्या मोठ्या टीम नाहीत, पण फिल्म बघायची पद्धत आणि भांडणं तीच असतात सगळीकडे.

पहिलं म्हणजे ते ३०० यार्ड बाजूला ठेवा. यार्ड हा सगळ्यात फसवा आकडा आहे. टीम दोन-तीन टचडाऊनने मागे असली की समोरचा डिफेन्स मागे सरकतो, लहान पास देऊन टाकतो, घड्याळ चालू दे म्हणतो, आणि आपला पोरगा शेवटच्या क्वार्टरमध्ये शंभर-सव्वाशे यार्ड गोळा करतो ज्यांचा मॅचशी काही संबंध नसतो. आणि कॉलेज फुटबॉलमध्ये जे पासर रेटिंग छापतात ते तर अशा पोरांसाठीच बनवल्यासारखं आहे. गणित असंय: यार्ड गुणिले ८.४, प्रत्येक टचडाऊनचे ३३०, प्रत्येक पूर्ण झालेल्या पासचे १००, प्रत्येक इंटरसेप्शनचे (समोरच्या टीमने पकडलेल्या पासचे) वजा २००, या सगळ्याची बेरीज करून एकूण पासच्या संख्येने भागायचं. आता २८ सप्टेंबर २०२४ ची जॉर्जिया विरुद्ध अलाबामा मॅच घ्या. जॉर्जियाचा कार्सन बेक, ५० पैकी २७ पास पूर्ण, ४३९ यार्ड, ३ टचडाऊन, ३ इंटरसेप्शन. रेटिंग येतं १३५ च्या वर. तेच तिन्ही इंटरसेप्शन पुसून टाका, ते तीन पास नुसते खाली पडले असं धरा, रेटिंग येतं साधारण १४७. म्हणजे तीन वेळा बॉल समोरच्याला दिला त्याची शिक्षा फक्त १२ पॉइंट! प्रत्यक्षात काय झालं तर जॉर्जिया २८-० ने मागे पडली, मग याच बेकने फेकून फेकून ३४-३३ अशी आघाडी आणली, मग अलाबामाच्या रायन विल्यम्सने ७५ यार्डचा टचडाऊन मारला, आणि शेवटी बरोबरी साधायला निघालेल्या ड्राइव्हवर (बॉल हातात आल्यावरच्या चढाईत) बेकचा बॉल एंड झोनमध्ये, म्हणजे गोललाइनमागच्या पट्ट्यात, पकडला गेला. ४१-३४. तुमच्या प्रश्नातला क्वार्टरबॅक एका मॅचमध्ये बघायचा असेल तर हीच मॅच बघा.

मग यार्ड नाही तर काय बघायचं? फिल्म. रविवारी आम्ही बसतो तेव्हा प्रत्येक इंटरसेप्शनला एकच प्रश्न विचारतो की ही चूक नक्की कुणाची आणि कुठली. बॉल सुटायच्या आधीच वाचायला चुकला का, म्हणजे सेफ्टी (सगळ्यात मागे उभा राहणारा डिफेन्सवाला) एक आहे की दोन तेच कळलं नाही? वाचलं बरोबर पण पाय चुकले, मागच्या पायावर फेकला? पाय पण बरोबर, पण हात उशिरा सुटला? की सगळं बरोबर होतं आणि रिसीव्हरच्या (आपल्या पास पकडणाऱ्याच्या) हातातून उडाला? स्कोअरशीटवर चारही ठिकाणी एकच आकडा दिसतो, पण यातलं पहिलं दुरुस्त व्हायला महिने लागतात, दुसरं-तिसरं एक-दोन आठवड्यात बरंचसं सुधारतं, आणि चौथं त्याचं नाहीच. २०२४ मध्ये जॉर्जियाच्या रिसीव्हरांनी हातातले किती बॉल सोडले ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय.

डाऊन आणि अंतर पण बघायचं, म्हणजे १० यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चारपैकी ही कितवी संधी आणि किती यार्ड उरलेत. तिसऱ्या डाऊनला १५ यार्ड पाहिजेत, आपण आपल्या ३५ यार्डच्या रेषेवर आहोत, पोराने ४५ यार्ड लांब फेकला आणि तिथेच पकडला गेला, तर तो जवळजवळ पंटच (लाथेने बॉल लांब मारून देऊन टाकणं) झाला, मी त्यावर आवाजसुद्धा चढवत नाही. पण पहिल्या डाऊनला, समोरच्याच्या २० यार्डांच्या आत, किक मारून तीन पॉइंट तर नक्की मिळणार असताना दोघांच्या मधे बॉल घुसवायला गेला, तर ते वेगळं. आणि एक कॉलेजची खास गोष्ट: इथे मैदानावरच्या हॅश मार्कच्या दोन ओळींमधलं (प्रत्येक प्ले या ओळींवरून किंवा त्यांच्या मधून सुरू होतो) अंतर ४० फूट आहे, प्रोमध्ये १८ फूट ६ इंच. त्यामुळे बॉल एका हॅशवर असला की मैदानाची एक बाजू खूप रुंद होते, आणि त्या रुंद बाजूला साइडलाइनकडे जाणारा पास हवेत फार वेळ राहतो. जोरदार हाताच्या पोरांना हाच पास फेकायचा मोह होतो, हायस्कूलमध्ये तो चाललेला असतो, इथले कॉर्नरबॅक (रिसीव्हरना अडवणारे डिफेन्सवाले) तो चोरतात. हे असले पिक, म्हणजे इंटरसेप्शन, असतील तर क्वार्टरबॅक बसवण्याआधी मी प्ले-कॉलरला (कुठला प्ले खेळायचा ते ठरवणाऱ्या कोचला) विचारीन की बाबा हा पास तू त्याला देतोयसच का.

त्याच धर्तीवर, चूक कोचची पण असते हे लोक विसरतात. १० जानेवारी २०२५, आर्लिंग्टनला कॉटन बोल, टेक्सस विरुद्ध ओहायो स्टेट, प्लेऑफची सेमीफायनल. टेक्सस सात पॉइंटने मागे, बॉल गोललाइनपासून एक यार्डावर. दुसऱ्या डाऊनला त्यांनी पळणाऱ्याकडे बाहेरच्या बाजूला बॉल टॉस केला आणि सात यार्ड मागे गेले, तिसऱ्याला पास फुकट, आणि चौथ्या डाऊनला आठ यार्डवरून क्विन एवर्स पास फेकायला मागे गेला तर जॅक सॉयरने येऊन त्याच्या हातातला बॉल पाडला आणि ८३ यार्ड पळत टचडाऊन. २८-१४, खेळ खल्लास. (हे दोघं आधी ओहायो स्टेटला रूममेट होते, नशीब बघा.) हायलाइटमध्ये काय दिसतं, एवर्सच्या हातून बॉल गेला. पण एक यार्डावरून आठ यार्डावर त्याला कुणी नेऊन उभा केला? अशा गोष्टी क्वार्टरबॅकच्या खात्यात टाकून बेंच-बेंच करणं हा सोपा धंदा आहे.

आता मुख्य मुद्दा, दुसरा पोरगा.

फॅन लोकांना बेंचवरचा पोरगा कायम आवडतो कारण त्याने अजून एकही इंटरसेप्शन फेकलेला नसतो. पण तो आठवडाभर करतो काय ते बघा. डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, सीझन चालू असताना आठवड्याला २० तासांचीच मुभा आहे, त्यात मीटिंग, फिल्म, वेट्स सगळं आलं, मैदानावरचा वेळ त्यातला थोडा. त्या थोड्यातले बहुतेक स्नॅप (बॉल हातात घेऊन प्ले सुरू करायच्या संधी) पहिल्या क्वार्टरबॅकला जातात, जायलाच पाहिजेत, शनिवारी तो खेळणार असतो. म्हणजे दुसरा पोरगा पहिल्या लाइनमागे (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या मुख्य पोरांमागे) आणि पहिल्या रिसीव्हरांबरोबर फार कमी खेळलेला असतो. क्रिकेटमध्ये पाच नंबरचा बॅट्समन काढून दुसरा घेतला तर बाकीचे दहा जण आपलं तेच काम करतात, इथे क्वार्टरबॅक बदलला की अकराच्या अकरा जणांचं काम बदलतं: स्नॅपची हाक वेगळी, पॉकेटमध्ये (लाइनने राखलेल्या जागेत) उभं राहायची जागा वेगळी, बॉलचा वेग वेगळा. डावखुरा असेल तर अजूनच, बॉल उलटा फिरत येतो आणि त्याची पाठ उजव्या टॅकलकडे (लाइनच्या उजव्या टोकाच्या पोराकडे) होते, म्हणजे लाइनमध्ये कोण जास्त महत्त्वाचा तेच बदललं.

तरीही बदल करून जिंकलेत की लोक, म्हणाल तुम्ही. बरोबर, आणि सगळे एकच मॅच सांगतात. ८ जानेवारी २०१८, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया, नॅशनल चॅम्पियनशिप. हाफटाइमला अलाबामा १३-० ने मागे, कोच निक सेबनने क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बेंचवर बसवलं आणि तुआ टागोवायलोआ नावाच्या फ्रेशमनला उतरवलं, जो खरोखर डावखुरा होता, आणि ओव्हरटाइममध्ये आधी १६ यार्डचा सॅक (पास फेकण्याआधीच पाडलं जाणं) खाऊन पुढच्याच प्लेला डिव्होंटा स्मिथला ४१ यार्डचा टचडाऊन फेकून त्याने मॅच काढली, २६-२३. यातली न सांगितली जाणारी गोष्ट अशी की हर्ट्स चंचल वगैरे अजिबात नव्हता. त्या अख्ख्या सीझनमध्ये त्याचा इंटरसेप्शन फक्त एक होता! एक! त्याला बसवला कारण पास खेळच चालत नव्हता, पहिल्या हाफमध्ये ८ पैकी ३ पास, २१ यार्ड. जॉर्जियाने रनिंग बंद केलं होतं आणि हर्ट्स धोका घ्यायला तयार नव्हता. उलट तुआने आल्यावर एक इंटरसेप्शन दिला, चांगलाच वाईट, तरी सेबनने त्याला काढलं नाही. म्हणजे सगळ्यात गाजलेल्या बेंचिंगमध्ये बॉल सांभाळणाऱ्याला काढून बॉल घालवू शकणाऱ्याला आणलं होतं. तुमच्या केसच्या बरोब्बर उलटं. तुमच्या पोराला बसवा म्हणणारे हीच मॅच पुढे करतात तेव्हा मला हसू येतं.

तुमच्या केसच्या जवळची म्हणायची तर ओक्लाहोमाची. २०२१ ला स्पेन्सर रॅटलर, सीझनच्या आधी हाइझमन ट्रॉफीचा (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) फेव्हरिट, आदल्या वर्षी २८ टचडाऊन ७ इंटरसेप्शन. पास पूर्ण करण्याचं प्रमाण त्या वर्षी सुद्धा जवळपास ७५ टक्के, म्हणजे कागदावर काहीच बिघडलेलं नाही. पण पॉकेटमधून कारण नसताना बाहेर पळायचा, लांबचे पास सुटायचे, ऑफेन्स मधेच बंद पडायचा, आणि सप्टेंबरमध्ये स्वतःच्याच मैदानावर लोकांनी दुसऱ्याच्या नावाने ओरडा केला. कोच लिंकन रायली तेव्हा नाही हलला. ९ ऑक्टोबरला डॅलसमध्ये टेक्ससबरोबरच्या मॅचला पहिल्या क्वार्टरनंतर २८-७ ने मागे पडल्यावर मग केलेब विल्यम्सला आणलं, त्याने चौथ्या डाऊनला एक यार्ड पाहिजे होता तिथे ६६ यार्ड पळून टचडाऊन केला, शेवट ५५-४८ ओक्लाहोमा. पुढे विल्यम्सने रायलीबरोबर यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात) जाऊन २०२२ चा हाइझमन जिंकला. पण रायलीने त्या ओरड्यावर निर्णय घेतला नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. विल्यम्स तयार होईपर्यंत थांबला, आणि दुसरा हात खरोखर चांगला आहे हे त्याला प्रॅक्टिसमध्ये दिसत होतं. आणि रॅटलर संपला का? साउथ कॅरोलायनाला गेला, नोव्हेंबर २०२२ मध्ये टेनेसीविरुद्ध ४३८ यार्ड, ६ टचडाऊन, ६३-३८, पुढच्या आठवड्यात क्लेमसनला त्यांच्याच मैदानावर ३१-३०. तोच हात, तोच चंचलपणा, फक्त दुसरी टीम.

मला स्वतःला शिकवायला सगळ्यात आवडणारी केस मात्र यापेक्षा कमी झगमगाटाची आहे. नोटर डेम, २०१८. ब्रँडन विम्बुश, २०१७ मध्ये पायाने १४ टचडाऊन केलेला, म्हणजे उत्पादन भरपूर, पण पासचं प्रमाण ५० टक्क्यांच्याही खाली. २०१८ ला पहिल्या तिन्ही मॅच जिंकला, मिशिगनसकट. पण तीन मॅचमध्ये पासचा टचडाऊन एक आणि इंटरसेप्शन चार, आणि बॉल स्टेटसारख्या टीमबरोबर २४-१६ अशी धापा टाकत जिंकलेली मॅच. कोच ब्रायन केलीने ३-० असताना त्याला बसवला आणि इयन बुकला आणलं. जिंकत असताना! लोक चक्रावले. पहिल्याच मॅचला वेक फॉरेस्टवर ५६-२७. बुकचा हात काही तोफ नव्हता, पण बॉल वेळेवर आणि ठरलेल्या जागी जायचा, आणि ऑफेन्सचा जो सांगाडा होता त्याला तेच हवं होतं. नियमित सीझन १२-० झाला. आणि मधे बुकला दुखापत झाली तेव्हा विम्बुशच फ्लोरिडा स्टेटविरुद्ध खेळला आणि ४२-१३ जिंकून दिली. बसवलेला पोरगा नोव्हेंबरमध्ये तयार सापडला, कारण त्याला बसवताना कोपऱ्यात फेकून दिलं नव्हतं.

हे सगळं दोन हजार अठरात जमलं, आज जमेल का ही शंका मला आहे. २०१८ मध्येच नियम आला की चारपर्यंत मॅच खेळून सुद्धा ते वर्ष वाचवता येतं (खेळायला मिळणाऱ्या वर्षांत ते धरत नाहीत), आणि त्याच वर्षी क्लेमसनच्या केली ब्रायंटने काय केलं बघा. सोळा मॅच जिंकलेला, दोनच हरलेला क्वार्टरबॅक. चार मॅच झाल्यावर कोच डॅबो स्विनीने ट्रेव्हर लॉरेन्स स्टार्टर म्हणून जाहीर केला, आणि ब्रायंट त्याच आठवड्यात टीम सोडून गेला, वर्ष वाचलं. लगेच पुढच्या मॅचला सिराक्यूजविरुद्ध लॉरेन्सला दुखापत! तिसऱ्या नंबरचा चेस ब्राइस ९४ यार्डची ड्राइव्ह घेऊन गेला म्हणून २७-२३ ने वाचले. पुढे १५-० आणि अलाबामावर ४४-१६, त्यामुळे आज सगळे म्हणतात निर्णय बरोबर होता. बरोबर होताच. पण ती एक ड्राइव्ह अडली असती तर लोकांनी स्विनीला सोललं असतं. त्यानंतर ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, २०२१ पासून बदली घेतली तरी वर्षभर बसायची गरज उरली नाही, त्याच वर्षी पोरांना स्वतःच्या नावाचे पैसे घ्यायची मोकळीक मिळाली. आता बेंच म्हणजे बहुतेक वेळा सीझन संपला की निरोप. तुमचा फ्रेशमन चांगला असेल तर त्याला न खेळवल्याने तोही जाऊ शकतो हे पण तितकंच खरं, त्यामुळे हे दोन्हीकडून कापतं.

आणि न बसवण्याच्या केस लोक मोजतच नाहीत. डिसेंबर २०२१, जॉर्जिया, कॉन्फरन्स (कॉलेजांच्या गटाच्या) फायनलला अलाबामाकडून ४१-२४ मार, स्टेट्सन बेनेटचे दोन इंटरसेप्शन, त्यातला एक थेट टचडाऊनसाठी परत. बेंचवर जेटी डॅनियल्स, जास्त जोरदार हात, जास्त नाव. अख्खं जॉर्जिया राज्य म्हणत होतं बदला. कोच कर्बी स्मार्टने नाही बदलला. १० जानेवारी २०२२ ला त्याच अलाबामाविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये बेनेटच्या हातून बॉल पडला, अलाबामाने लगेच टचडाऊन केला, लोकांनी डोक्याला हात लावला, आणि पुढच्या दोन ड्राइव्हवर त्याने दोन टचडाऊन पास दिले, ३३-१८. तीन सीझननंतर तोच स्मार्ट बेकच्या बाबतीत तसाच वागला. २०२४ मध्ये बेकचे १२ इंटरसेप्शन, त्यातले ९ फक्त तीन मॅचमध्ये, तीन-तीन-तीन. त्या तीनपैकी जॉर्जिया हरली एकच, ती वर सांगितलेली अलाबामाची.

त्यातली एक मॅच तर या विषयाची प्रयोगशाळाच आहे. १९ ऑक्टोबर २०२४, ऑस्टिन. एकीकडे बेक, टचडाऊन शून्य, इंटरसेप्शन तीन, दुसरीकडे एवर्स, तोही गडबडलेला. हाफला २३-० जॉर्जिया. टेक्ससचा कोच स्टीव्ह सार्किसियनने दुसऱ्या क्वार्टरमध्ये एवर्सला बाहेर काढून आर्च मॅनिंगला दोन सिरीज (सिरीज म्हणजे बॉल हातात आल्यावरची एक चढाई) दिल्या, काही झालं नाही, मॅनिंगच्या हातूनही बॉल गेला, हाफटाइमनंतर एवर्स परत आत. शेवट ३०-१५ जॉर्जिया. (मधे रेफरीने दिलेला फ्लॅग (फाउल) लोकांनी मैदानात बाटल्या फेकल्यावर मागे घेतला गेला, तो वेगळाच तमाशा.) आता सांगा, तीन इंटरसेप्शनवाला बसला नाही आणि जिंकला, दुसरा बसला आणि हरला, यातून काय सिद्ध होतं? बेंचिंगने होतं असं नाही आणि न बेंचिंगने होतं असंही नाही. जॉर्जियाची डिफेन्सिव्ह लाइन त्या दिवशी टेक्ससच्या दोन्ही क्वार्टरबॅकना खाऊन टाकत होती. समोरून दाब येत असेल आणि आपली लाइन अडवू शकत नसेल तर क्वार्टरबॅक बदलणं म्हणजे फक्त मार खाणारा बदलणं. तुमच्या टीमचा सॅकचा आकडा नक्की बघा, कॉलेजमध्ये सॅकचे यार्ड रनिंगमधून वजा होतात, म्हणून पासिंगचा आकडा गुबगुबीत दिसत राहतो आणि त्रास कुठे आहे ते लपून राहतं.

पण तरी सार्किसियनने जे केलं त्याला मी वाईट म्हणत नाही. दोन सिरीज बाहेर उभं राहून खेळ बघणं, डोकं थंड करणं, हे बेंचिंग नाही, ही विश्रांती आहे, फक्त पोराला ते आत्ताच्या आत्ता सांगितलं पाहिजे की तू परत जाणारेस. न सांगता केलं तर तो उरलेला सीझन प्रत्येक चुकीनंतर साइडलाइनकडे बघतो, आणि साइडलाइनकडे बघणारा क्वार्टरबॅक एकतर जपून जपून खेळतो नाहीतर एकाच प्लेमध्ये सगळं भरून काढायला जातो. असं झालेली पोरं मी पाहिलीयत, हात तोच असतो, डोळे बदललेले असतात, सगळ्यात आधी जातो तो मधला १५-२० यार्डचा पास.

सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट निर्णय. ओहायो स्टेट २०१५. आदल्या वर्षी कार्डेल जोन्सने तिसऱ्या नंबरवरून येऊन विस्कॉन्सिनला ५९-०, मग अलाबामा, मग ओरेगन असं करून चॅम्पियनशिप आणलेली, आणि जेटी बॅरेट दुखापतीतून परत आलेला. कोच अर्बन मेयरने पहिल्या सात मॅच जोन्सला दिल्या, पण गोललाइनजवळ बॅरेट, मग बॅरेट स्टार्टर, मग तो एका मॅचला सस्पेंड, परत जोन्स, परत बॅरेट. टीममध्ये प्रोला जाणारी पोरं नुसती भरलेली, आणि नोव्हेंबरला मिशिगन स्टेटकडून स्वतःच्या घरी १७-१४. एकच मॅच हरले, पण तीच नडली. दोन क्वार्टरबॅक चालतच नाहीत असं मात्र नाही. १९९७ ला फ्लोरिडाचा कोच स्टीव्ह स्परियरने फ्लोरिडा स्टेटविरुद्ध दोन क्वार्टरबॅक प्रत्येक प्लेला आलटून पालटून खेळवले आणि ३२-२९ जिंकला, हा वेडेपणा फक्त त्यालाच शोभतो. २००६ ला फ्लोरिडानेच सीनियर क्रिस लीकच्या मागे फ्रेशमन टिम टीबोला ठरावीक प्ले दिले, बहुतेक पळायचे, आणि चॅम्पियनशिपमध्ये ओहायो स्टेटला ४१-१४. फरक एवढाच की तिथे कुणाचं काम काय हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

तर तुमच्या टीमचं. सहा मॅच झाल्यात, ४-२. मी कोच असतो तर पहिल्यांदा ट्रेनरला बोलावून खांदा, कोपर, बरगड्या बघायला सांगितलं असतं, कारण अचानक उंच जाणारे बॉल पुष्कळदा दुखण्यामुळे असतात आणि पोरं बसवतील या भीतीने बोलत नाहीत. मग सहा मॅचचे सगळे इंटरसेप्शन वर सांगितलं तसं वेगळे केले असते. निम्म्याहून जास्त जर वाचण्यातल्या चुका असतील, आणि त्याच त्याच असतील, म्हणजे ऑगस्टमध्ये दाखवलेली गोष्ट ऑक्टोबरमध्ये पुन्हा, तर मग काटा बेंचकडे झुकतो. वेगवेगळ्या असतील, पायाच्या, हाताच्या, तर नाही. मधल्या काळात प्लेबुक थोडं आवळलं असतं, रुंद बाजूचे लांब पास कमी, रनिंग जास्त, रेड झोनमध्ये (समोरच्याच्या शेवटच्या २० यार्डांत) एक बाजू वाचायची, नसेल तर बाहेर फेक, तीन पॉइंट घेऊन ये. यार्ड २२० वर आले तरी चालतील.

आणि फ्रेशमनला प्रत्येक मॅचच्या दुसऱ्या क्वार्टरची एक सिरीज, आधी जाहीर करून, स्कोअर काहीही असो. एकदा लाइव्ह खेळात ब्लिट्झ (नेहमीपेक्षा जास्त जण क्वार्टरबॅकवर धावून येणं) आल्यावर तो काय करतो हे प्रॅक्टिसमध्ये कळत नाही, तिथे त्याला कुणी हात लावत नाही ना. २०२४ पासून वरच्या डिव्हिजनमध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज जातो, प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरेपर्यंत, त्यामुळे नवीन पोराला उतरवणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय, पण १५ सेकंदांनंतर डिफेन्स हलला की तो एकटाच. तीन-चार मॅच अशा गेल्या आणि तो बॉल वेळेवर सोडतोय, सॅक टाळतोय, हडलमध्ये (प्लेआधी गोल करून उभं राहतात तिथे) सीनियर पोरं त्याच्याकडे बघून ऐकतायत असं दिसलं तर बाय वीकला (मॅच नसलेल्या आठवड्यात) बदल करायचा, मॅचच्या मधे नाही, म्हणजे त्याला दोन आठवडे पहिल्या लाइनमागचे सगळे स्नॅप मिळतात. आणि केला की पूर्ण करायचा, त्याच्या पहिल्या दोन इंटरसेप्शनना परत जुन्याला बोलवायचं नाही. जुन्याला मीडियाच्या आधी, बंद खोलीत, हेड कोचने स्वतः सांगायचं.

शिवाय २०२४ पासून प्लेऑफ १२ टीमची झालीय, त्यामुळे वरच्या टीमना एक-दोन हारी परवडतात, जॉर्जिया त्या वर्षी दोन हरून सुद्धा कॉन्फरन्स चॅम्पियन आणि दुसरी सीड होती. पूर्वी एका वाईट शनिवारने वर्ष संपायचं म्हणून कोच घाबरून निर्णय घ्यायचे, आता थांबायला जागा आहे. त्या जॉर्जियाचंच पुढचं पण ऐका: ७ डिसेंबरच्या कॉन्फरन्स फायनलला पहिल्या हाफच्या शेवटी बेकचं कोपर गेलं, ज्याला आख्ख्या सीझनमध्ये एकही मॅच स्टार्ट मिळाली नव्हती तो गनर स्टॉकटन आला, त्याने ओव्हरटाइमपर्यंत नेलं, तिथे त्याचं हेल्मेट उडालं आणि नियमाप्रमाणे एक प्ले बाहेर बसावं लागलं, म्हणून दुखऱ्या कोपराचा बेक एका प्लेसाठी आत आला, बॉल ट्रेव्हर एटिएनच्या हातात दिला आणि त्याने टचडाऊन केला, २२-१९. मग शुगर बोलला स्टॉकटनची पहिलीच स्टार्ट, नोटर डेमकडून २३-१०. त्याला सीझनभर थोड्या थोड्या सिरीज मिळाल्या असत्या तर जास्त बरं खेळला असता का? मला वाटतं हो, आणि तुमच्या फ्रेशमनसाठी मी त्या एका सिरीजचा हट्ट धरतोय तो याचसाठी.

तुमच्या मुलाकडे मॅचचे रेकॉर्डिंग असतील तर त्याला प्रत्येक इंटरसेप्शनचं डाऊन, अंतर, बॉल कुठल्या हॅशवर होता आणि स्कोअर काय होता एवढं लिहून पाठवायला सांगा. बारा-एक पिक असतील, तासाभराचं काम आहे. त्यावरून बाकीचं सांगतो.